शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती : मापाचा एक छंद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्णा आणि सौसर येथील मुले आपापले लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्यास निघतात. पायांखाली एक फळी, फळीस चार चाके, पुढे ओढावयास दोरी, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना बेगड. असा नंदी घरोघर फिरवून बोजारा गोळा करण्यात जो आनंद असतो तो विद्यार्थिमित्रांना मी सांगावयास नको. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळी पडली असे परंपरेने सांगतात. बाहेरगावी पांढुर्ण्याचे नाव काढले की लोक त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीविषयी विचारतात, लाकडी नंदीविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. चाकांवर चालणारी लहान प्रतिकृती हाती घेण्याचा संस्कार येथील मुलांवर बोलू लागण्याच्या वयात होतो. जगात अनेक मोठी माणसे ज्या छंदावर आयुष्यातील रात्री खर्च करतात, त्याची पहिली पायरी आपल्या घराच्या माळ्यावर ठेवलेली आहे.

हा छंद म्हणजे शर्यतीच्या मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविणे. विषय परका वाटेल. परंतु त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री आपल्या बाजारात मिळते, आणि लागणारे गणित सातवी-आठवीच्या पुस्तकातील आहे.

प्रथम शर्यतीचे वाहन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे शेतमाल वाहणारी बंडी असते आणि विदर्भातील शंकरपटात धावणारा छकडा असतो. दोन्हींना दोन चाके, दोन्हींना बैलजोडी. पण छकड्यावरून धावण्यास निरुपयोगी असे सर्व काही काढून टाकलेले असते. बाजू नाहीत, बैठक नावापुरती, लाकूड हलक्यात हलके. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांच्या कायद्यास मान्यता दिली. तो वाद येथे नको. ज्याने बंडी आणि छकडा शेजारी शेजारी उभे पाहिले आहेत, त्यास साधी मोटार आणि शर्यतीची मोटार यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या जुन्या अॅम्बॅसॅडर मोटारीचे वजन हजार किलोंहून अधिक असे. १९६७ सालच्या फॉर्म्युला वन मोटारीस नियमाने किमान ५०० किलो वजन ठेवावे लागे, आणि प्रत्येक कारखान्याचा प्रयत्न त्या आकड्यास जाऊन टेकण्याचा असे.

आता प्रमाणाकडे वळू. लहान असणे आणि प्रमाणबद्ध असणे या भिन्न गोष्टी आहेत. पांढुर्ण्यावरून नागपूर–इटारसी ही मोठी लाइन जाते. तिच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. सौसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा लाइन पूर्वी लहान होती; तिच्या रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असे. २०१५ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी आता मोठी लाइन आली. ती जुनी गाडी ज्यांनी पाहिली असेल त्या आजोबांना विचारा : रूळ निम्म्याहून कमी रुंदीचे होते म्हणून गाडीतील बाकाची उंची निम्मी होती काय? नव्हती. माणूस तोच, त्याचे गुडघे तेच, म्हणून बाक आणि दार जवळजवळ तेवढेच. लहान लाइनची गाडी ही मोठ्या गाडीची प्रतिकृती नव्हती. ती एक स्वतंत्र, लहान गाडी होती. नागपुरास मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे. तेथे इंजिनाजवळ उभे राहिल्यास हे डोळ्यांनी पटते. प्रतिकृतीत मात्र सर्वच गोष्टी एकाच भाजकाने लहान व्हावयास हव्यात. चाक, बाक, दार, बाकावर बसलेला माणूस आणि त्याच्या सदऱ्याची गुंडीसुद्धा.

हा भाजक म्हणजेच प्रमाण. १:१२ म्हणजे फुटाला एक इंच, १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. मोटारींच्या प्रतिकृतींत १:४३ हे एक चमत्कारिक प्रमाण फार रूढ आहे. हा ४३ कोठून आला असे विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर पुन्हा रेल्वेत आहे. ब्रिटनमध्ये खेळण्यांतील एका जातीच्या आगगाड्या फुटाला ७ मिलिमीटर या मापाने केल्या जात. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर, त्यास ७ ने भागा, उत्तर साडेत्रेचाळीस येते. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३३-३४ च्या सुमारास आपल्या खेळण्यांतील स्टेशनाबाहेर उभ्या करावयास लहान धातूच्या मोटारी काढल्या, पुढे त्यांस ‘डिंकी टॉइज’ हे नाव पडले, आणि आगगाडीचे हे माप हळूहळू मोटारींचे होऊन बसले. आगगाडी मागे पडली, तिचा भाजक राहिला.

नवशिक्याने १:२४ घ्यावे. १:४३ मध्ये भाग इतके बारीक होतात की हात कापतो, आणि १:१२ मध्ये चुका दुरून दिसतात.

प्रमाण ठरल्यावर एक गंमत लक्षात घ्यावी. लांबी २४ पटींनी लहान झाली म्हणजे पृष्ठफळ २४ च्या वर्गाने, ५७६ पटींनी लहान होते. आणि घनफळ २४ च्या घनाने, १३,८२४ पटींनी. वजन घनफळाबरोबर चालते. ५०० किलोंस १३,८२४ ने भागिले असता सुमारे ३६ ग्रॅम येतात. म्हणजे १:२४ ची खरोखर प्रमाणबद्ध मोटार वजनाने चार-पाच पेढ्यांपेक्षा फार जड नसावी. रंगाची स्थिती याहून बिकट आहे. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. तो २४ ने भागा, हजारांश मिलिमीटरचे चार भाग उरतात. कोणत्याही कुंचल्याने इतका पातळ थर देता येत नाही. आपण सहज मारलेला हात ०.०५ मिलिमीटर भरला, तर खऱ्या मोटारीच्या मापाने तो सव्वा मिलिमीटर जाडीचा गिलावा झाला. असे तीन हात चढविले की पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटांची डोकी बुजून जातात. रंग पातळ करून, वाळवून, काचकागदाने हलकेच घासून पुन्हा द्यावा असे जाणकार का सांगतात त्याचे कारण या भागाकारात आहे.

येथे मला ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. सजावट आणि बारकावा यांत आपण गल्लत करतो. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धांत ज्या नंदीवर अधिक बेगड, अधिक आरसे आणि अलीकडे अधिक विजेचे दिवे, त्यास बहुधा बक्षीस मिळते. सणाला ते शोभते. नंदी हा देव आहे आणि देवाला नटवावे. परंतु त्याच शेजारी एखाद्या मुलाने घरच्या बैलाचे खांदे, वशिंड आणि पाय दोरीने मोजून सरळ कोरलेला साधा नंदी उभा असेल, तर परीक्षकांची नजर त्याच्यावरून घसरून जाते. सजावट म्हणजे जे मुळात नव्हते ते आवडीने घालणे. बारकावा म्हणजे जे मुळात होते ते शोधून काढणे. पहिलीला हौस पुरते. दुसऱ्यासाठी गोठ्यात जाऊन बैलाजवळ उभे राहावे लागते.

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे प्रसिद्ध आहेत. आंबा आंब्याएवढा, केळे केळ्याएवढे. म्हणजे प्रमाण १:१. त्या कारागिरांस भागाकार करावा लागत नाही, तरी केळ्याच्या सालीवरील तपकिरी ठिपका कोठे असतो हे त्यांना पाहावेच लागते. पाहुणा फसून ते फळ उचलतो तो त्या ठिपक्यामुळे.

बारकावा शोधावयाचा तर कोणती मोटार, हे नुसते ठरवून भागत नाही. कोणत्या दिवसाची मोटार, हे ठरवावे लागते. उदाहरणार्थ लोटस ४९ ही मोटार घेऊ. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही मोटार ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडव्हूर्ट येथे प्रथम शर्यतीत उतरली, आणि जिम क्लार्क या स्कॉटलंडच्या चालकाने त्याच दिवशी ती जिंकून आणली. तिचे तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे फोर्ड-कॉसवर्थ इंजिन चालकाच्या पाठीमागे सांगाड्यास थेट जोडलेले होते. मागील चाकांचा भार घेणारा वेगळा सांगाडा नव्हता, तो भार इंजिनच घेई. इंजिनावर झाकणही नव्हते. प्रतिकृती करणाऱ्यास ही पर्वणी होय, कारण जे काही आहे ते उघड्यावर आहे : हवा आत घेणारे आठ कर्णे, आठ स्पार्क प्लगांच्या आठ तारा, आणि दोन्ही बाजूंना चार-चार नळ्या एकत्र येऊन मागे गेलेले धुराडे.

त्या दिवशी मोटारीचा रंग हिरवा होता आणि मधोमध पिवळा पट्टा होता. हिरवा कां? त्या काळी आंतरराष्ट्रीय शर्यतींत मोटारीचा रंग देशावरून ठरे. ब्रिटनचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, जपानच्या होंडाचा पांढरा व त्यावर लाल सूर्य. पुढल्याच वर्षी, १९६८ साली, हीच लोटस एका सिगारेटच्या लाल, पांढऱ्या व सोनेरी रंगांत दिसू लागली. देशाच्या जागी जाहिरातदार आला. त्याच वर्षी मोटारींवर उंच पंख उभे राहिले, आणि १९६९ मध्ये ते मोडून अपघात झाल्यावर उंच पंखांवर बंदी आली. तेव्हा हिरव्या लोटसवर कोणी पंख लावला, किंवा तिला गुळगुळीत टायर घातले, तर कारागिरी कितीही सुबक असो, त्याने तारीख चुकविली. १९६७ च्या टायरांवर नक्षी होती. गुळगुळीत टायर १९७१ च्या सुमारास आले.

चालकाची बैठक करताना मात्र थोडे थांबावे. बाजारात मिळणारे सुटे बारीक पट्टे बैठकीवर चिकटविण्याचा मोह सर्वांना होतो, कारण ते दिसतात सुंदर. पण चालकाने अंगास पट्टे बांधणे या शर्यतींत सक्तीचे झाले ते १९७२ साली. १९६७ मध्ये बहुतेक चालक पट्ट्यांविना बसत. अपघातात मोटारीस आग लागलीच तर बाहेर फेकले जाणे बरे, असा त्या काळचा समज होता. दोन्ही बाजूंस पेट्रोलच्या टाक्या, मागे सुमारे चारशे अश्वशक्तीचे इंजिन, आणि मध्ये उघडा माणूस. झांडव्हूर्ट जिंकणारा जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे, दुसऱ्या एका धाकट्या वर्गाच्या शर्यतीत, मोटार रस्ता सोडून झाडांवर आदळून मरण पावला. त्या जागी मोटारीस अडविणारा कठडा नव्हता. दोन वेळच्या जगज्जेत्याचे वय बत्तीस होते. प्रतिकृतीची बैठक रिकामी ठेवावी लागते, कारण ती तशीच होती. आणि ती रिकामी बैठक पाहणारास त्या काळाविषयी एखाद्या मोठ्या प्रकरणाइतके सांगून जाते. तेथे पट्टा चिकटविणे म्हणजे इतिहासात खाडाखोड करणे होय. हे मी जरा कठोरपणे लिहीत आहे, परंतु माझे मत तसे आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लोटस ४९ च्या पुढील व मागील आसांतील अंतर २४१३ मिलिमीटर होते. २४ ने भागिले की सुमारे १००.५ मिलिमीटर. मोटारीचे बरोबर बाजूने घेतलेले छायाचित्र मिळवावे. तिरपे चालणार नाही. त्या चित्रात आसांमधील अंतर मोजावे. समजा ते ६७ मिलिमीटर भरले, तर १००.५ भागिले ६७ म्हणजे दीड. याचा अर्थ चित्रातील प्रत्येक माप दीडपट केले की आपले माप मिळाले : चित्रात ८ मिलिमीटर असलेला भाग आपण १२ मिलिमीटर करावयाचा. एवढ्या एका ज्ञात अंतरावरून बाकी सर्व मापे हाती येतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर परीक्षेपुरता बाहेर काढण्याची वस्तू नाही. गुरुजींची परवानगी घेऊन तो येथे वापरावा.

देहासाठी काटेसावरीचे लाकूड उत्तम. ते हलके आणि मऊ असते, चाकूने सहज निघते. सागास तासताना हात भरून येतो आणि वजनही वाढते. सपाट भागांसाठी संत्र्याच्या पेटीची पातळ फळी किंवा वहीचा जाड पुठ्ठा चालेल. आधी बाजूची व वरची अशा दोन आकृती पुठ्ठ्यातून कापून घ्याव्या, त्या लाकडावर चिकटवून बाहेरचे लाकूड काढावे, आणि मग गोलाई काचकागदाने आणावी. लाकडाच्या रेषा रंगातून उमटतात, म्हणून आधी लांबी भरून, घासून, अस्तराचा हात द्यावा. रंग सरळ डब्यातून घेऊ नये. लहान वस्तूवर तोच रंग मोठ्या वस्तूपेक्षा गडद भासतो, यासाठी हिरव्यात थेंबभर पांढरा मिसळावा.

स्पार्क प्लगची खरी तार सुमारे ८ मिलिमीटर जाड. आपल्या मापाने ती ०.३ मिलिमीटर झाली. ही तार कोठे मिळेल? विहिरीवरील पंपाच्या जळालेल्या मोटारी जेथे पुन्हा गुंडाळतात त्या वाइंडिंगच्या दुकानात. तेथे निरनिराळ्या जाडीची लाखेसारख्या वेष्टणाची तांब्याची तार जमिनीवर कचरा म्हणून पडलेली असते, आणि मागणाऱ्या मुलास दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. ज्या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत तेथे पंप आहेत, आणि जेथे पंप आहेत तेथे ही तार आहे. या बाबतीत आपण मुंबईच्या छांदिष्टांपेक्षा श्रीमंत आहोत. आठ कर्ण्यांसाठी विजेच्या वायरीवरील प्लॅस्टिकचे वेष्टण सोलून सारख्या लांबीचे तुकडे करावे. त्यांचे एक तोंड उदबत्तीच्या उबेने किंचित पसरविले की कर्ण्याचा आकार येतो. पुढील काचेसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील स्वच्छ प्लॅस्टिक पुरते. टायर मात्र त्रास देतात. जुन्या चपलेच्या रबरातून चकत्या कापून त्या फिरत्या ड्रिलवर घासाव्या असे पुस्तकांत लिहिलेले असते; हे काम मुलांनी एकट्याने करू नये, वडिलांस किंवा ओळखीच्या सुतारास शेजारी बसवावे.

कोणी विचारील की तयार भागांचे संच मिळत असता ही खटपट कशास? संच चांगले असतात, यात शंका नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीचेच पाहा. १९४६ साली ती लाकूड कापण्याच्या गिरणीच्या रूपाने सुरू झाली. पुढे लाकडी प्रतिकृतींचे संच करू लागली, १९६० साली प्लॅस्टिककडे वळली, आणि १९६७ मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन मोटारीचा १:१२ प्रमाणातील संच तिने काढला. आज जगभरचे छांदिष्ट तिचे नाव आदराने घेतात. परंतु परदेशी संचाची किंमत सामान्य कुटुंबास परवडणारी नसते. शिवाय संचात मोजण्याचे काम दुसऱ्याने करून ठेवलेले असते, आपल्याकडे उरते ते जोडणे. पहिली मोटार लाकडाची करून मग ज्यास शक्य आहे त्याने संच घ्यावा. त्या वेळी संचातील चूकही त्यास दिसेल, आणि पंपाची तार तेथेही उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांना आपल्या देशाशी नाते असलेल्या मोटारी कराव्याशा वाटतात, हे स्वाभाविक आहे. २००५ साली नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक ज्या पिवळ्या जॉर्डन मोटारीत बसला ती, किंवा २००८ ते २०१८ या काळात धावलेल्या फोर्स इंडिया संघाच्या मोटारी, यांविषयी मला अनेकदा विचारले जाते. त्या अवश्य कराव्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस. आधुनिक मोटारीच्या अंगास सरळ रेषा म्हणून नसते. पुढील पंखाला तर थरावर थर असतात, आणि जाहिरातींची अक्षरे हाताने काढणे नंबर प्लेट रंगविणाऱ्या पेंटरलाही जड जाईल. हिरव्या लोटसला एक पिवळा पट्टा आणि ५ हा आकडा काढला की काम भागते.

मोटार पुरी झाली म्हणजे तिच्या तळाशी बारीक टाकाने प्रमाण, मोटारीचे नाव, शर्यतीचे ठिकाण आणि तारीख लिहावी, म्हणजे पाहणारास ती कोणत्या दिवसाच्या मापाने तपासावयाची ते कळेल. ठेवण्यास काचेची पेटी उत्तम. नसल्यास मिठाईच्या दुकानातील उभी काचेची बरणी उलटी करून चालते. ती खिडकीत ठेवू नये. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात रंग उडतो, आणि सावरीचे लाकूड आसापाशी तडकते.